पटावरून उतरलेली पोरं

शाळेच्या हजेरीपटावरून नाव कमी झालेलं लेकरू पुढं कुठल्या पटावर जातं, याचं उत्तर आमच्या तालुक्यात कुणाकडंच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला दिला, आमचं काम झालं. ग्रामसेवकाकडं जन्ममृत्यूची नोंद असते, घरपट्टीची असते. आशाताईंच्या वहीत गरोदर बाया आणि लसीकरण असतं. अंगणवाडीत तर सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक लेकराचं वजन महिन्याला लिहिलेलं सापडतं. मग अठरा पूर्ण झाले की मतदार यादीत नाव लागतं आणि निवडणुकीच्या आधी कार्यकर्ते नावानिशी शोधत घरी येतात. मधल्या वर्षांत ते पोरगं शिकतंय, कामाला लागलंय की घरी बसून आहे, हे लिहून ठेवणारी वही गावात नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याची काळजी करणं कुणाच्याच कामात बसत नाही.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराकडच्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. वाचनालयाला लागून अभ्यासिका आहे. सकाळी कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर पोरं बसलेली असतात, आणि रात्री दिवे बंद करताना त्यांना उठवावं लागतं. अभ्यासिकेत येणाऱ्यांशी बोलता बोलता जी तिथपर्यंत पोचलीच नाहीत त्यांचीही माहिती होते. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची चुलत बहीण, कुणाच्या वर्गातला हुशार मुलगा. ‘तो काय करतो सध्या?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: ‘काही नाही मॅडम, घरीच हाय.’

या ‘घरीच हाय’बद्दल आमच्याकडं जे बोललं जातं ते ऐकून मला फार वाईट वाटतं. पोरांना काम नको, मोबाईल पाहिजे. आयतं खायची सवय लागली. आमच्या वेळी आम्ही दगड फोडले. चौकात पानटपरीजवळ दुपारी बारा वाजता उभी असलेली पोरं दाखवून हे सांगितलं जातं. गुटखा, पत्ते, मोबाईलवरचा सट्टा, कुणा दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात आपला फोटो यावा म्हणून चाललेली धडपड, हे सगळं मीही रोज बघते. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेक पोरांच्या बाबतीत रिकामपण आधी आलं आणि या गोष्टी मागून आल्या. सकाळी उठून जायला ठिकाण नसलं की माणूस जिथं चार जण उभे असतील तिथं जाऊन उभा राहतो. त्याला आळशी म्हटलं की आपली सुटका होते, तो तिथं कसा आला हे बघायचं राहून जातं.

तो तिथं एका दिवसात येत नाही. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या मुलाची वाट पायरी-पायरीनं बघितली तर कळतं. वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढच्या वर्गासाठी मोठ्या गावी जायचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आई-वडील मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला जातात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. ते येणार मार्च-एप्रिलला. पोरगं आजीजवळ राहतं. आजीला दिसत नाही, म्हणून पाणी त्यानं आणायचं, शेळ्या त्यानं सोडायच्या. शाळेत नाव आहे, गेलं तर गेलं. आठवीपर्यंत ढकलत जातं. नववीत गणित कळेनासं होतं आणि इंग्रजी तर कधी कळलेलंच नसतं. दहावीला दोन विषय राहतात.

इथं थांबून एक सांगायचं आहे. दहावीला दोन विषय राहिले म्हणजे रस्ता संपला असं मुळीच नाही. 2015 पासून फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमाराला होते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येतं. आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. शाळा कायमची सुटली तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. इतक्या वाटा आहेत. पण निकाल लागतो तेव्हा शाळेला सुट्टी असते. आई-वडील नुकतेच कारखान्यावरून आलेले, उचल फिटली का अंगावर राहिली याचा हिशेब चालू, पेरणी तोंडावर. फॉर्म भरायची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती निघून जाते. ऑगस्टमध्ये तो चुलत्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून जातो. ऑक्टोबरमध्ये टोळी निघते तेव्हा त्यालाही बरोबर घेतात, कारण मजुरी टनावर मिळते आणि प्रत्येक जास्तीच्या हातानं टन वाढतो. 2024 च्या सुरुवातीला तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. एप्रिलमध्ये तो परत येतो आणि पुढचे सहा महिने पुन्हा ‘घरीच हाय’. दुसऱ्या वर्षी मी विचारलं की म्हणतो, ‘आता कशाला मॅडम, पोरं पुढं गेले.’

वर्गातली पोरं पुढं गेली हे त्याला फार लागतं. आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त.

मुलींचं निराळं आहे, आणि आकडे बघितले तर खरा प्रश्न मुलींचाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर 2024 साली भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात 15 ते 29 वयाच्या, शिक्षणात नाहीत, कामात नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत अशा तरुणांचं प्रमाण दिलं आहे. 2022 साली मुलांमध्ये ते शंभरात 9.8 होतं आणि मुलींमध्ये 48.4. म्हणजे जवळजवळ निम्म्या मुली. चौकात मुली दिसत नाहीत, म्हणून ‘तरुण पिढी रिकामी बसली’ असं म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढं मुलगी येत नाही.

या मुली बसलेल्या असतात असंही नाही. सकाळी पाणी, भाकरी, भांडी, मग रानात कापूस वेचणी किंवा सोयाबीनची काढणी, आल्यावर पुन्हा चूल. सरकारी पाहणीसाठी मोजणारा घरी आला की बाप सांगतो, ‘काही करत नाही, घरीच असते.’ आणि मुलगीही तेच सांगते. तिच्या हातांकडं बघितलं तर कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटं दिसतात. पण त्या कामाचा मस्टर नाही, मजुरी नाही, तर ते काम कशाला धरायचं? मुलाच्या बाबतीत याच्या उलट होतं. दोन एकर रान असलेला बाप ‘पोरगं शेती बघतंय’ असं सांगतो आणि ते पोरगं कामात धरलं जातं. दोन एकरांत बाप, दोन भाऊ आणि आई यांना वर्षभर पुरेल इतकं काम आहे का? 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. ती पुढच्या वाटणीत आणखी तुटणार. म्हणून मुलांचा तो 9.8 चा आकडा मला खरा वाटत नाही. आमच्या भागात किती तरी पोरं त्या रानाच्या आडोशाला बसली आहेत.

मुलगी शाळेतून कधी उतरते याची तर वेळ सांगता येते. सातवी झाल्यावर, शाळा लांब गेली की. दहावी झाल्यावर, कॉलेज तालुक्याला असतं म्हणून. आणि घरात काही आजारपण आलं की कधीही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, शाळेच्या मुलींसाठीच्या बसगाड्या सुरू झाल्या, मुलींना पास फुकट झाला, तेव्हा मी डोळ्यांनी फरक बघितला. सकाळच्या गाडीतून वेण्या घातलेल्या मुली उतरायच्या, स्टँड भरून जायचं. मग मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये कुठं नीट उघडल्या, तर दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांचे हालही सगळ्यांनी बघितले. पण ज्या वाडीवरून कॉलेजला यायला एसटीशिवाय दुसरं साधन नाही, तिथल्या मुलींची सलग दोन वर्षं गेली. खाजगी जीपनं पाठवायला बाप तयार नसतो, पैशासाठी नाही तर लोक काय म्हणतील म्हणून. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणींची लग्नं झालेली होती.

लग्नाचा आकडा बघून पोटात कालवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, 20 ते 24 वयाच्या बायांना लग्न कितव्या वर्षी झालं हे विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात शंभरात 21.9 निघाल्या. बीड जिल्ह्यात 43.7. परभणीत 48. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. वयात आलेली मुलगी मागं गावात ठेवायची तर राखण कोण करणार, बरोबर न्यायची तर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, अब्रूची भीती. यातून बापाला लग्न हाच मार्ग दिसतो. असे बाप मला वाईट भेटले नाहीत. त्यातला एक जण वाचनालयाच्या ओट्यावर बसून म्हणाला होता, ‘मॅडम, मला काय लेकीची हौस नाही का? सहा महिने तिला कुणापाशी ठेवू तेवढं सांगा.’ हंगामी वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. पण त्या दिवशी त्या बापाला ‘अमुक गावात अमुक जागी नेऊन ठेवा, मी बोलून ठेवते’ इतकं सरळ उत्तर देता येईल अशी सोय जवळपास नव्हती.

आता अभ्यासिकेतल्या पोरांकडं येते, कारण हीच माझी रोजची माणसं.

यांच्याबद्दल बोलताना लोक विसरतात की ही पोरं शिकलेली आहेत. आणि शिकलेल्यांतच बेकारी जास्त आहे. त्याच 2024 च्या अहवालात आहे की तरुणांमध्ये पदवीधरांच्या बेकारीचं प्रमाण 29.1 टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांचं 3.4. याचा अर्थ शिक्षणानं माणूस बिघडतो असा कुणी काढू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याला घरी बसणं परवडतच नाही, तो मिळेल त्या कामाला जातो. आमच्याच गावात गॅरेजमध्ये तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पाना घेऊन गाडीखाली शिरलेला दिसतो, सेंट्रिंगच्या कामावर पारधी-वडार वस्तीतली पोरं दिसतात. ती कामात आहेत, म्हणून या मोजणीत ती ‘बाहेर’ नाहीत. पण त्यांचं शिक्षण कुठं गेलं हे विचारणारं कुणी नाही. ज्यांच्याकडं थोडं रान आहे, आईच्या चार शेळ्या आहेत, भावाची कंपनीत नोकरी आहे, त्यांनाच वाट बघत थांबता येतं. थांबणं हासुद्धा घरानं केलेला खर्च आहे, आणि घर तो का करतं हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे, आणि तिथं उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत पदवीधर थोडे होते आणि शाळा, तहसील, बँका, वीज मंडळ, पाटबंधारे सगळीकडं माणसं हवी होती. ज्या घरातला एक जण शिकला त्या घराची पुढची पिढी पत्र्याच्या घरातून स्लॅबच्या घरात गेली. हे खरंच घडलं, गावानं डोळ्यांनी बघितलं. कोरडवाहू रान विकून मुलाला शिकवणारा आजचा बाप वेडा नाही. त्याच्या लहानपणी जे खरं होतं त्यावर त्याचा विश्वास आहे.

ते खरं फार लवकर संपायला लागलं होतं. 1974 मध्येच मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले होते. मागण्यांत रोजगार होता, रुंदमापी रेल्वे होती. रेल्वेचं सांगायचं तर अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला 1995 मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडला पहिली गाडी 17 सप्टेंबर 2025 ला आली. तीस वर्षं. त्या काळात जन्मलेली पोरं आता माझ्या अभ्यासिकेत बसून वयोमर्यादा मोजतात.

मधल्या काळात शिक्षक होण्यासाठीच्या डी.एड.ची लाट येऊन गेली. दर तालुक्याला विनाअनुदानित डी.एड. कॉलेजं निघाली. रान गहाण ठेवून डोनेशन भरलं गेलं, मुलीला डी.एड. झालेला नवरा बघितला जायचा. 2010 नंतर भरती थांबली आणि वर्षानुवर्षं झालीच नाही. त्यातले काही जण आज तासिका तत्त्वावर शिकवतात, काहींनी कृषी सेवा केंद्र टाकलं, काही जण चाळिशीला आले तरी शिक्षक पात्रतेचे पेपर देतात. त्यांची पोरं शाळेत जायला लागली.

आता तलाठी, पोलीस, वनरक्षक, आरोग्य सेवक, राज्यसेवा. 2023 ची तलाठी भरती 4,644 जागांची होती आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. फॉर्मची फी खुल्या वर्गाला एक हजार, राखीव वर्गाला नऊशे. 2024 मध्ये पोलीस भरतीच्या 17,471 जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज होते. ही पोरं पहाटे साडेचारला उठून रस्त्यावर धावतात, कारण मैदान नाही. सोळाशे मीटरची वेळ दोन सेकंदांनी कमी झाली की दिवसभर चेहरा उजळलेला असतो. जानेवारी 2025 मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ अशीच पहाटे धावणारी तीन पोरं बसखाली आली आणि गेली. त्या सकाळी आमची अभ्यासिका भरलेली होती आणि एकही पोरगं पुस्तक उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा रस्त्यावर धावली. ज्यांना काम नको आहे असं आपण म्हणतो, ती ही पोरं.

भरती रद्द होते, पेपर फुटतो, निकाल कोर्टात अडकतो, आणि एक-एक वर्ष जातं. पोराचं नाव कुठल्याच कॉलेजात नसतं, हातात पगार नसतो. सरकारी मोजणीत तो बाहेरचा, आणि इथं मात्र दिवसाचे बारा तास वाचत बसलेला. वाचतो काय? चालू घडामोडी, कलमांचे क्रमांक, घाटांची नावं, नद्यांच्या उपनद्या. परीक्षा झाली की यातलं काहीही दुसऱ्या कामाला उपयोगी पडत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. इतकी मेहनत, इतकी शिस्त, आणि त्यातून हाताला एकही कौशल्य लागत नाही. एका पोराचे वडील मागं आले होते. पोरगं समोरच्या खोलीत होतं, म्हणून दबक्या आवाजात म्हणाले, ‘मॅडम, चार वर्ष झाले, रान एकटाच ओढायलोय. त्याला म्हणावं तर तोंड नाही होत. तुम्हीच सांगा, अजून किती थांबू?’ पोराला मी नंतर वेगळं बोलावलं. तो म्हणाला, ‘मलाच कळंना मॅडम. आता सोडलं तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात गेलं म्हणतील. आणि लग्नाला पोरगी कोण देणार?’

लग्नाचा धाक मोठा आहे. मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न नोकरीचा. दुकान आहे, दूधधंदा आहे, ट्रॅक्टर आहे असं सांगितलं तरी समोरची माणसं गप्प बसतात. मुलीच्या घरच्यांना दोष कसा द्यायचा? आपल्या आईचं आयुष्य रानात गेलेलं त्या मुलीनं बघितलंय. सप्टेंबर 2025 च्या पुरात सोयाबीनसह माती वाहून गेलेली तिनं बघितली. पण यामुळं होतं असं की गावात राहून चांगलं काही उभं करणाऱ्या पोरालाही आपण काहीच करत नाही असं वाटायला लागतं.

कंपनीत का जात नाहीत, असं विचारणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की जातात. वाळूजला जातात, चाकणला, रांजणगावला जातात. ठेकेदाराकडून लागतात, एका खोलीत सहा जण राहतात, रात्रपाळी करतात. सहा-सात महिने झाले की ब्रेक मिळतो, म्हणजे घरी पाठवतात, कारण सलग ठेवलं तर कायम करावं लागेल. पोरगं गावी येतं, सोयाबीन काढून देतं, पुन्हा फोनची वाट बघतं. दोन-तीनदा असं झालं की तिथं परत जायची इच्छा राहत नाही. आयटीआय केलेल्या फिटरला जेव्हा तिथं नुसतं खोकी उचलायला लावतात, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ आयटीआयला जातच नाही. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. आमच्या इथली बरीच पोरं-पोरी ग्रामपंचायतीत, शाळेत, पंचायत समितीत लागली. सहा महिन्यांचे अकरा केले. त्या महिन्यांत त्यांची चाल बदललेली मी बघितली. एक मुलगी गळ्यात ओळखपत्र घालूनच पुस्तक बदलायला यायची. मुदत संपली आणि ती सगळी परत घरी.

एवढं बघून माझं ठाम मत झालंय. योजना कमी आहेत हे दुखणं दुसऱ्या नंबरचं. पहिलं हे की पोरगं घसरतं त्या पायरीवर कुणी उभं नाही. निकालाच्या आठवड्यात नापास झालेल्याच्या घरी जायला, टोळी निघायच्या आधी कोणती मुलगी मागं राहू शकते हे बघायला, तिसऱ्यांदा भरतीत राहिलेल्या पोराशी त्याचा अपमान न करता बोलायला, ब्रेक मिळून आलेल्याला दुसरीकडं लावून द्यायला. लसीसाठी आपण दर गावात एक आशाताई उभी केली आणि ते काम झालं. पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांसाठी दर गावात असं एखादं माणूस पगारावर का असू नये, ज्याच्या वहीत प्रत्येकाचं नाव असेल? अशी मागणी मी गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांकडं केली आहे. कुणी नाही म्हणालं नाही. पण हे काम कोणत्या खात्यात येतं, इथं सगळे थांबतात.

तोवर वाचनालयात मी एक वही ठेवली आहे. अभ्यासिकेत यायचं थांबलेल्यांची, आणि त्यांच्याकडून कळलेल्या घरी बसलेल्यांची. फॉर्मच्या मुदती जवळ आल्या की फोन करते. बरेच जण उचलत नाहीत. काहींचे नंबर रिचार्ज नसल्यानं बंद लागतात. पण काही येतात. गेल्या वर्षी एक मुलगी आली, एकवीस-बावीस वर्षांची. नववीतून शाळा सुटलेली, लग्न झालेलं, दोन वर्षांचं लेकरू कडेवर. तिला 17 नंबरचा फॉर्म भरायचा होता, पण दाखला माहेरच्या शाळेत. तिथल्या मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढून, धूळ झटकून तिचं नाव शोधून दिलं, त्यांचे उपकार मी मानते. तिनं मार्चमध्ये परीक्षा दिली. इंग्रजी राहिलं, बाकी सगळं निघालं. निकाल बघून ती हिरमुसली नाही. फेरपरीक्षेचा फॉर्म त्याच दिवशी भरला आणि मला विचारलं, ‘मॅडम, वायरमनला पोरींना घेतेत का?’

घेतात, आणि इंग्रजी राहिलं तरी त्यासाठी अडत नाही, हे ऐकल्यावर तिनं पुन्हा खात्री करून घेतली. नवऱ्याचं काही म्हणणं नाही, तो यंदा वाळूजला आहे. आयटीआय तालुक्यातच असल्यानं वसतिगृहाची गरज नाही. दिवसा लेकरू सांभाळायला सासूबाई तयार झाल्या तर होतं, नाही तर गल्लीतल्या अंगणवाडीत विचारावं लागेल. प्रवेशाची मुदत आहे अजून. सासूबाईंशी बोलायला मी रविवारी तिच्या घरी जाणार आहे.